व्होल्टेज, करंट, रोध आणि वॅट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या पुस्तकात विभवांतर, विद्युतधारा आणि रोध असतो. वायरमनच्या तोंडी व्होल्टेज, करंट आणि लोड. गोष्टी त्याच. हिशेब दोन ओळींचा आहे. तो चुकतो बहुतेक वेळा आकडे भलत्या ठिकाणचे घेतल्यामुळे, म्हणून खाली सूत्रं थोडी आणि गिझर, मोटार, प्लग यांच्यावर जास्त लिहिलं आहे.

व्होल्टेज आणि करंट माहीत आहे. रोध आणि पॉवर कशी काढू?

व्होल्टला अँपिअरने भागा, ओहम मिळतात. व्होल्टला अँपिअरने गुणा, वॅट मिळतात.

इस्त्री घ्या. सॉकेटला २३० व्होल्ट आहेत आणि इस्त्री ४.३५ अँपिअर करंट घेते आहे. भागाकार केला तर रोध सुमारे ५३ ओहम, गुणाकार केला तर पॉवर सुमारे १००० वॅट. एवढंच.

अट एकच: दोन्ही आकडे त्याच वस्तूचे आणि त्याच वेळचे हवेत. व्होल्टेज सकाळी मोजलेलं आणि करंट रात्रीचा, किंवा करंट इस्त्रीचा आणि व्होल्टेज मेन बोर्डाचं, असं केलं की उत्तर नुसतं कागदावरचं राहतं.

मिलिअँपिअर आले की गडबड होते. सोपी युक्ती?

आधी अँपिअर करून घ्या: २० मिलिअँपिअर म्हणजे ०.०२ अँपिअर. इलेक्ट्रॉनिक्सचं काम रोज असेल तर दुसरी सवय लावा. व्होल्टला थेट मिलिअँपिअरने भागलं की उत्तर किलोओहममध्ये येतं, आणि गुणलं की मिलिवॅटमध्ये. ५ व्होल्ट आणि २ मिलिअँपिअर: २.५ किलोओहम, १० मिलिवॅट. शून्यं मोजत बसावं लागत नाही.

पॉवरची तीन-तीन सूत्रं का देतात?

सूत्र एकच, व्होल्ट गुणिले अँपिअर. बाकी दोन त्यातूनच निघतात. करंट आणि रोध माहीत असेल तर करंटचा वर्ग गुणिले रोध. व्होल्टेज आणि रोध माहीत असेल तर व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. वायर किंवा प्लग किती तापतो हे बघायचं असेल तर पहिलं कामाला येतं, कारण तिथून जाणारा करंट आपल्याला ठाऊक असतो. गिझर, इस्त्री, शेगडी यांना दुसरं.

घरगुती कामासाठी एक आकडा पाठच करा: ५२,९००. हा २३० चा वर्ग. त्याला वॅटने भागलं की हीटरच्या कॉइलचा रोध मिळतो. २००० वॅटचा गिझर असेल तर २६.४५ ओहम, १५०० वॅटचा रॉड असेल तर सुमारे ३५, १००० वॅटची इस्त्री असेल तर ५२.९.

गिझरवर २००० वॅट लिहिलंय. मग व्होल्टेज कमी असताना पाणी तापायला इतका वेळ का लागतो?

कारण २००० वॅट हा गिझरचा कायमचा गुण नाही. कंपनीने फक्त एवढंच सांगितलं आहे की २३० व्होल्ट मिळाले तर तो २००० वॅट घेईल. गिझरच्या आत जे खरोखर ठरलेलं असतं ते म्हणजे कॉइलचा रोध. निक्रोमची तार तापल्यावरही तो फारसा बदलत नाही, त्यामुळे २६.४५ ओहम धरून चालायला हरकत नाही.

आता संध्याकाळी व्होल्टेज २०० वर आलं. करंट झाला २०० भागिले २६.४५, म्हणजे ७.५६ अँपिअर. पॉवर २०० गुणिले ७.५६, म्हणजे सुमारे १५१२ वॅट. व्होल्टेज तेरा टक्के घसरलं आणि पॉवर जवळजवळ पाव हिश्श्याने गेली, कारण व्होल्टेजबरोबर करंटही घसरतो आणि गुणाकारात दोघांची घट लागते. १८० व्होल्टला तर १२२५ वॅटच उरतात.

वेळेचा हिशेबही करून बघू. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५० अंशांवर न्यायला साधारण १५७० किलोज्यूल उष्णता लागते. २००० वॅटला ते काम १३ मिनिटांत होतं, १५१२ वॅटला सव्वासतरा मिनिटं लागतात आणि १२२५ वॅटला एकवीस मिनिटांच्या वर. टाकीतून वाया जाणारी उष्णता यात धरलेली नाही.

आणि बिल? ते जवळपास तेवढंच येतं. पाण्याला लागणारी उष्णता तीच असते, म्हणून युनिटही तेच: वरच्या उदाहरणात ०.४४ च्या आसपास. व्होल्टेज कमी म्हणजे बिल कमी हा समज गिझरच्या बाबतीत तरी खरा नाही.

पण शेतातली मोटार व्होल्टेज कमी झालं की जास्त करंट घेते, असं वायरमन म्हणतो. मग ओहमचा नियम कुठे गेला?

वायरमनचं बरोबर आहे. मोटार म्हणजे नुसती तार नसते. ती फिरत असताना तिच्या वाइंडिंगमध्ये, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांत, उलट दिशेचं व्होल्टेज तयार होत असतं, आणि करंट ठरतो तो पुरवठा आणि हे उलट व्होल्टेज यांच्या ओढाताणीतून. पंपाला पाणी वर ढकलायचंच आहे, म्हणजे शाफ्टवरचा लोड जवळपास तोच. व्होल्टेज पडलं की तेवढंच काम करायला मोटार थोडी मंदावते आणि जास्त करंट ओढते. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट सव्वापट झाला तर उष्णता दीडपटीच्याही पुढे जाते. कमी व्होल्टेजवर मोटार जळते ती अशी.

टीव्ही, लॅपटॉपचा चार्जर, इन्व्हर्टर एसी हेही व्होल्टेज पडलं की करंट वाढवतात. कारण निराळं: आतलं सर्किट पॉवर कायम ठेवायला धडपडतं. थोडक्यात, व्होल्टेज बदलल्यावर काय होईल हे सांगण्याआधी ती वस्तू कुठल्या जातीची आहे ते बघावं लागतं. व्होल्ट भागिले अँपिअर हा भागाकार कशाचाही करता येतो, पण उत्तर दुसऱ्या व्होल्टेजला लागू पडेल याची खात्री फक्त हीटरच्या जातीला.

मल्टिमीटरने पंख्याचा रोध मोजला, २५० ओहम आला. ५२,९०० भागिले २५० म्हणजे २११ वॅट. पंख्यावर तर ७५ लिहिलंय!

मीटरने जे मोजलं ते तांब्याच्या तारेचा रोध, तोही डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटवर. घरच्या एसीला, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या करंटला, त्या वाइंडिंगमध्ये आणखी एक अडथळा भेटतो, तो वेटोळ्याच्या चुंबकीय परिणामाचा, आणि त्यात वर सांगितलेलं फिरण्यातून येणारं उलट व्होल्टेज. म्हणून प्रत्यक्ष करंट तुमच्या हिशेबापेक्षा खूप कमी असतो.

दुसरी गोष्ट पॉवर फॅक्टरची. एसीवर चालणाऱ्या मोटारी, चोक, ट्रान्सफॉर्मर यांत व्होल्टेज आणि करंटच्या लाटा एकाच वेळी चढत-उतरत नाहीत. त्यामुळे व्होल्ट गुणिले अँपिअर केल्यावर मिळतं ते व्होल्टअँपिअर. खरे वॅट हवे असतील तर त्याला पॉवर फॅक्टरने गुणायचं. समजा मोटार २३० व्होल्टवर ५ अँपिअर घेते आणि पॉवर फॅक्टर ०.८ आहे. व्होल्टअँपिअर ११५०, वॅट ९२०. इस्त्री, गिझर, साधा बल्ब यांचा पॉवर फॅक्टर जवळजवळ १ असतो, म्हणून तिथे सरळ गुणाकार चालतो.

१०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा रोध ५२९ ओहम यायला हवा. मीटर ४० दाखवतो. मीटर बिघडला का?

मीटर ठीक आहे, बल्ब गार आहे. टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि तिचा रोध दहा ते पंधरा पट वाढतो. ५२९ हा पेटलेल्या तारेचा आकडा आहे. स्विच दाबल्याच्या क्षणी गार तारेतून पाच-सहा अँपिअर धावून जातात, पेटल्यावर उरतात ०.४३. जुने बल्ब चालू असताना क्वचित जायचे. स्विच दाबला की टप्पकन जायचे, त्याचं कारण हेच.

एलईडी बल्बचा रोध मल्टिमीटरने मोजण्यात अर्थ नाही. आत ड्रायव्हर सर्किट असतं, येईल तो आकडा त्या सर्किटच्या दारातला.

गिझरची कॉइल गेली की नाही, हे रोधावरून कळतं का?

कळतं, आणि मेकॅनिक हेच करतो. आधी एमसीबी (जादा करंट झाला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच) पाडा, वीज नाही याची टेस्टरने खात्री करा आणि कॉइलच्या दोन्ही टोकांच्या वायरी सोडवा. वायरी न सोडता मोजलं तर जोडलेल्या बाकीच्या गोष्टींचा रोधही मोजला जातो.

२००० वॅटच्या कॉइलला २६ च्या आसपास, एक-दोन ओहम इकडेतिकडे, आले तर कॉइल चांगली. बिघाड थर्मोस्टॅट किंवा कटआउटमध्ये शोधा. मीटर ‘ओएल’ (रोध मोजण्याच्या पलीकडे) दाखवत असेल तर तार आतून तुटली आहे. आकडा शून्याजवळ आला तर शॉर्ट. रोध बरोबर आला तरी मग एक प्रोब कॉइलच्या टोकाला आणि दुसरा गिझरच्या धातूच्या अंगाला लावून बघा. तिथे मेगाओहममध्ये किंवा ‘ओएल’ यायला हवं. काही किलोओहम दिसले तर कॉइलचं आवरण फुटून पाणी आत शिरलंय, आणि करंट अंगावर येण्याची शक्यता आहे. रोध बरोबर आहे म्हणून अशी कॉइल परत बसवू नका.

चालू वस्तूचा करंट कसा मोजायचा?

घरात क्लँप मीटर उत्तम, वायर कापावी लागत नाही. पण क्लँपच्या जबड्यात फक्त फेजची किंवा फक्त न्यूट्रलची वायर हवी. अख्खी केबल धरली तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. करंट अगदी कमी असेल तर त्या एका वायरचे जबड्यातून दहा वेढे घ्या आणि आलेल्या आकड्याला दहाने भागा.

साध्या मल्टिमीटरने करंट मोजायचा तर तो सर्किटच्या मधोमध, सिरीजमध्ये जोडावा लागतो. लाल वायर अँपिअरच्या भोकात तशीच ठेवून नंतर सॉकेटचं व्होल्टेज मोजायला गेलात तर तो सरळ शॉर्ट होतो. चांगल्या मीटरचा फ्यूज उडतो, स्वस्त मीटर हातात फुटू शकतो. २३० व्होल्टवर ही पद्धत नवशिक्याने वापरूच नये.

१५०० वॅटचा हीटरचा रॉड नेहमीच्या छोट्या पॉइंटला लावला तर चालेल?

नाही. छोटा पॉइंट ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टवर १३८० वॅटपर्यंत. रॉड घेतो साडेसहा अँपिअर. १००० वॅटची इस्त्री चालते, रॉड नाही. त्याला १६ अँपिअरचा मोठा पॉइंट हवा, ज्याला अजूनही सगळे पंधरा अँपिअरचा म्हणतात. थंडीच्या दिवसांत ‘कन्व्हर्टर प्लग’ लावून छोट्या पॉइंटवर रॉड चालवणारी घरं थोडीथोडकी नाहीत. प्लगचा आकार बदलला तरी मागची वायर तीच राहते.

मोठा पॉइंट आहे, वायर जाड आहे, एमसीबीही पडत नाही. तरी गिझरचा प्लग काळा पडतो. का?

सैल सॉकेट. माझ्या मते या पानावरचा सगळ्यात कामाचा हिशेब हा आहे.

पिन आणि सॉकेटच्या आतल्या पितळी पट्टीमध्ये नीट दाब असेल तर तिथला रोध नगण्य असतो. पट्टी ढिली झाली, तिच्यावर काळा थर चढला, आणि समजा तिथे अर्धा ओहम रोध आला. गिझरचे २६.४५ आणि हा अर्धा मिळून २६.९५ ओहम. करंट २३० भागिले २६.९५, म्हणजे साडेआठ अँपिअर, आधी ८.७ होता. एमसीबीला कळणार काय? करंट उलट थोडा कमीच झाला. पण त्या अर्ध्या ओहममध्ये साडेआठचा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे ३६ वॅट उष्णता तयार होते आहे. सोल्डरिंगच्या २५ वॅटच्या आयर्नने कथिल वितळतं. इथे त्याहून जास्त उष्णता पिनच्या टोकाशी, प्लास्टिकच्या आत कोंडलेली.

मग चक्र सुरू होतं. तापल्याने पट्टीची स्प्रिंग आणखी ढिली होते, थर वाढतो, रोध वाढतो, उष्णता वाढते. पिनभोवतीचं प्लास्टिक आधी तपकिरी होतं, मग त्याला फोड येतात आणि बाथरूमच्या बाहेर जळका, उग्र वास यायला लागतो. गिझर बंद करून, प्लग काढून पिनला जपून बोट लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला. नुसता प्लग बदलला तर तीच सैल पट्टी नव्या प्लगला जाळते.

विहीर मीटरपासून लांब आहे. वायरमध्ये किती व्होल्टेज खर्ची पडेल?

तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला साधारण असा असतो: दीडची (१.५ चौरस मिलिमीटरची) वायर १२.१ ओहम, अडीचची ७.४१, चारची ४.६१. हे आकडे २० अंश सेल्सिअसचे. तापलेल्या वायरीत ते वाढतात.

समजा अंतर २०० मीटर आणि १ हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटार ७ अँपिअर घेते. करंट जातो आणि परतही येतो, म्हणून लांबी ४०० मीटर धरा. हे विसरणारे फार. अडीचच्या वायरीचा रोध २.९६ ओहम, व्होल्टेज ड्रॉप ७ गुणिले २.९६ म्हणजे जवळपास २१ व्होल्ट, आणि वायर तापवण्यात जाणारे वॅट १४५. दीडची टाकली तर ड्रॉप ३४ व्होल्ट, चारची टाकली तर १३. आधीच २१० व्होल्ट येत असतील तर दीडच्या वायरीवर मोटारीला १७६ उरतात, आणि मग वर सांगितलेली जादा करंटची कहाणी सुरू. वायरीत वाचवलेले पैसे रिवाइंडिंगवाल्याकडे जातात.

अमेरिकेहून आणलेली १२०० वॅटची हेअर ड्रायरसारखी वस्तू इथे चालेल का?

तिथला पुरवठा १२० व्होल्टचा. १२० चा वर्ग १४,४००, भागिले १२०० म्हणजे रोध १२ ओहम. तीच वस्तू २३० वर लावली तर करंट १९ अँपिअरच्या वर आणि पॉवर सुमारे ४४०० वॅट. काही क्षणांत जळेल. उलट, इथली २००० वॅटची किटली तिकडे नेली तर ती कशीबशी ५४४ वॅट देते: धोका नाही, पण चहाची वाट बघत बसावं लागेल. वस्तूवर ‘१०० ते २४०’ अशी पट्टी लिहिलेली असेल, जशी बहुतेक लॅपटॉप चार्जरवर असते, तर हा प्रश्नच नाही.

१२ व्होल्टवर एक लाल एलईडी लावायचाय. रेझिस्टर कोणता?

लाल एलईडी स्वतःवर साधारण २ व्होल्ट ठेवतो. उरलेले १० रेझिस्टरवर पडतात. करंट १५ मिलिअँपिअर हवा असेल तर १० भागिले ०.०१५ म्हणजे ६६७ ओहम. बाजारात ६८० मिळतो, तो घ्या. पॉवर ०.१५ वॅट, पाव वॅटचा रेझिस्टर पुरतो. पूर्ण १२ व्होल्टने भागायचं नाही, रेझिस्टरच्या वाट्याला आलेल्या व्होल्टेजनेच.

थ्री फेजला हिशेब बदलतो का?

हो. १.७३२ गुणिले फेज-टू-फेज व्होल्टेज गुणिले करंट गुणिले पॉवर फॅक्टर. ४१५ व्होल्ट, ७.५ अँपिअर, ०.८ धरले तर सुमारे ४३०० वॅट. हे मोटारीने घेतलेले. शाफ्टवर यातले ८५ टक्के पोचले तर साधारण ३६६० वॅट, म्हणजे जवळपास ५ हॉर्सपॉवर. ढोबळ मानाने दर हॉर्सपॉवरला दीड अँपिअर.

हा नियम ओहमने शोधला कसा? तेव्हा मीटर तरी होते का?

आजच्यासारखे नव्हते. गेऑर्ग सिमोन ओहम जर्मनीत कलोनला शाळेत शिकवत असताना प्रयोग करत होता. त्या काळच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज वापरता वापरता घसरायचं, त्यामुळे आकडे जुळेनात. म्हणून त्याने तांबं आणि बिस्मथ यांचा थर्मोकपल घेतला, म्हणजे दोन सांध्यांच्या तापमानातल्या फरकावर व्होल्टेज देणारी दोन धातूंची जोडी; एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात. दोन्ही तापमानं आपोआप स्थिर, म्हणून व्होल्टेजही स्थिर. करंट मोजला तो तारेमुळे वळणाऱ्या चुंबकसुईवरून. पुस्तक १८२७ मध्ये आलं, जर्मनीत त्याचं थंडं स्वागत झालं, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कॉप्ली पदक दिलं. स्थिर पुरवठा मिळवणं हाच त्या प्रयोगातला खरा अवघड भाग होता.

माझ्याकडे क्लँप मीटर नाही. एखादी वस्तू किती वॅट घेते हे घरबसल्या कळेल?

विजेच्या मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, तोच वापरा. मीटरवर एका युनिटला किती लुकलुक, हे छापलेलं असतं; ३२०० हा नेहमी दिसणारा आकडा. ३६ लाखांना ३२०० ने भागलं की ११२५ येतात. त्याला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा, वॅट मिळाले.

एका लुकलुकीला मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू करा, ती शून्य धरा आणि पुढच्या दहाव्या लुकलुकीला थांबवा. इस्त्री चालू असताना ११.२ सेकंद आले, म्हणजे एका लुकलुकीला १.१२ सेकंद, पॉवर साधारण १००४ वॅट. २००० वॅटच्या गिझरला दहा लुकलुकी साडेपाच-पावणेसहा सेकंदांतच होतात. मोजताना बाकीचं सगळं बंद हवं. फ्रिज मधेच सुरू झाला की आकडा फुगतो, त्यामुळे तेवढी पाच मिनिटं त्याचाही स्विच बंद ठेवा. इस्त्रीचा थर्मोस्टॅट वीज तोडायच्या आत, म्हणजे तिचा दिवा पेटलेला असतानाच, मोजून घ्या.